भातलावणीवर जाणाऱ्या आईने ‘वाकू नका’ हा सल्ला पाळायचा कसा?

माहेरवाशीण (मुलुंड)

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे. आमचे गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात आहे आणि वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहते, कारण मुलुंडच्या आमच्या वन रूम किचनमध्ये तिला चार दिवसांच्या वर करमत नाही. स्वतःची भातखाचरे जेमतेम बारा गुंठे आहेत. तेवढी आटोपली की उरलेला पाऊसभर ती दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला, पुढे बेणणीला (तण काढायला) आणि दसऱ्याच्या सुमारास कापणीला रोजाने जाते. दोन वर्षांपासून तिची कंबर धरते, डावा गुडघा सुजतो आणि रात्री उजव्या हाताचा अंगठा व त्याच्या शेजारची दोन बोटे मुंग्यांनी भरतात. मग ती अंथरुणात उठून बसते आणि थर्मामीटर झटकावा तसा हात झटकत राहते.

गावाजवळच्या बाजारपेठेत एक डॉक्टर आहेत. लावणीच्या दिवसांत संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बायकांची रांग लागते. सुई टोचून घ्यायची, कागदाच्या पुडीतल्या तीन रंगांच्या गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा चिखलात उतरायचे, असा क्रम आहे. या वर्षी मी हट्टाने आईला एप्रिलमध्येच मुंबईला आणले आणि एका रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवले. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले की कमरेच्या खालच्या मणक्यांमधले अंतर कमी झाले आहे आणि गुडघ्याची झीज झाली आहे. वाकू नका, उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, वजन उचलू नका, आराम करा, असे त्यांनी सांगितले. दाराबाहेर शंभरेक माणसे ताटकळत होती, त्यामुळे त्यांनी आम्हाला दोनच मिनिटे दिली याबद्दल माझी तक्रार नाही. आईने सगळे मान डोलावत ऐकून घेतले आणि बाहेर बसथांब्यावर आल्यावर मला विचारले, “मग मी करू काय?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लहानपणी एकदा आजीचे इरले डोक्यावर घेऊन मी अंगणात ताठ उभी राहिले होते आणि ते मागच्या मागे घसरून पडले होते. तेव्हा आजी हसून म्हणाली होती, की इरले उभ्या माणसासाठी नसतेच. आमच्याकडे पावसापासून बचाव करणारी वस्तूसुद्धा वाकलेल्या पाठीच्या मापाने विणलेली असते. ज्या कामाची मजुरीच वाकण्याची आहे, ते न वाकता करा असे सांगणे म्हणजे काम सोडा असे सांगणे आहे, आणि आई ते सोडणार नाही हे मी जाणून आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती एसटीत बसलेली असेल. तेव्हा तिला थांबवण्याचे उपाय मला नकोत. तेच काम करताना नेमके काय बदलता येईल आणि कोणते दुखणे निव्वळ कष्टाचे नसून वेगळ्या आजाराचे आहे हे कसे ओळखावे, एवढे जाणकारांनी सांगावे.

परळ_फिजिओ

ताई, मी गेली सोळा वर्षे एका सार्वजनिक रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. मे महिन्यात आणि गणपतीनंतर गावाहून मुंबईला दाखवायला आणलेल्या आयांची आमच्याकडे गर्दी असते. त्यांच्या फाइलवर बहुतेक वेळा ‘आराम’ हा शब्द लिहिलेला असतो आणि त्यांतली एकही बाई आराम करणारी नसते, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते.

आधी एक्स-रेविषयी. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मणक्यांत आणि गुडघ्यांत थोडीफार झीज दिसतेच. पुष्कळ झीज असूनही न दुखणारी आणि अगदी थोड्या झिजेने हैराण झालेली, अशी दोन्ही प्रकारची माणसे आम्ही रोज पाहतो. त्यामुळे ‘गॅप कमी झाला’ या शब्दांनी आईने घाबरून जाऊ नये. पाठ मोडकळीला आली आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आता वाकण्याचे. माणूस अर्धवट वाकतो तेव्हा पाठीचे स्नायू त्याला धरून ठेवतात. पण लावणीत जसे कमरेतून पूर्ण वाकावे लागते, तसे वाकल्यावर हे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि धडाचा सगळा भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर व मधल्या गाद्यांवर लटकतो. ओल्या दोरीवर सतत वजन टांगले तर ती हळूहळू लांबते, तसे हे अस्थिबंध सैलावतात आणि सरळ उभे राहिल्याबरोबर पूर्ववत होत नाहीत. बराच वेळ वाकून काम केले असेल तर त्यांना पूर्ण सावरायला अर्ध्या तासाहूनही अधिक वेळ लागू शकतो. म्हणून मला वाकण्यापेक्षाही वाकून उठल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांची जास्त काळजी वाटते. लावणीत त्या दोन मिनिटांत बाई काय करते, ते आठवून पाहा: बांधावर जाते आणि रोपांच्या मुठींनी भरलेली टोपली उचलते. कंबर भरते ती बहुधा त्या उचलण्यात, आणि दोष मात्र लावणीला जातो.

तेव्हा पहिली सूचना अशी, की ओळ संपवून उभे राहिल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून, गुडघे सरळ ठेवून चार-पाच वेळा सावकाश मागे झुकावे, बांधावरून थोडे चालावे आणि मगच काही उचलावे. टोपली शक्यतो त्या वेळी दुसऱ्या कोणी, म्हणजे जो वाकलेला नव्हता त्याने, उचलून द्यावी. दुसरी सूचना विश्रांतीबद्दल आहे. सकाळी सात ते बारा सलग वाकून दुपारी तासभर आडवे होण्यापेक्षा दर तासाला पाच मिनिटे सरळ होणे शरीराला अधिक मानवते, आणि त्याने कामाचे नुकसान वाटते तेवढे होत नाही.

तिसरी गोष्ट मी रुग्णांकडूनच शिकलो. जुन्या लावणाऱ्या बायका डाव्या हातात मूठ धरतात, ते कोपर डाव्या मांडीवर टेकवतात आणि उजव्या हाताने रोप खोचतात. त्या एका टेकूने धडाचा बराच भार मांडीकडे जातो. घाईत लावणारी बाई दोन्ही हात मोकळे सोडते आणि तोच भार कमरेवर घेते. आई कशी लावते ते तिला करून दाखवायला सांगा, घरातल्या फरशीवर सुद्धा चालेल.

गुडघ्याचे दुखणे थोडे निराळे आहे. लावणी करताना मागे मागे सरकावे लागते आणि पाय चिखलात रुतलेला असताना अंग वळले की पिळा गुडघ्यात बसतो. पाय आधी उपसावा, मग वळावे, हा एक नेम बाळगावा. बेणणीला उकिडवे बसण्यापेक्षा जिथे जमीन घट्ट असेल तिथे वीतभर उंचीचा पाट सोबत न्यावा. बायका हसतील, हसू द्यावे. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकटी आणणारा व्यायाम मात्र आजपासूनच सुरू करावा. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करावा, दहा आकडे म्हणेपर्यंत धरावा आणि खाली आणावा, असे प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. उन्हाळाभर तुलनेने हलके काम आणि जूनअखेर एकदम रोजचे आठ तास, हा झटका शरीराला सर्वांत महाग पडतो. पाऊस पडण्यापूर्वी जशी आपण कौले चाळतो, तशी ही तयारी दीड महिना आधी करायची असते. कमरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवण्याचा मात्र काही उपयोग नाही.

हाताच्या मुंग्यांचे तुम्ही केलेले वर्णन मनगटातून जाणारी नस दबल्याच्या दुखण्याशी जुळते. विळा घट्ट धरणे, धारा काढणे, रोपे उपटणे यांनी ते वाढते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपल्यास पुष्कळांना उतार पडतो. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर तपासणी लांबवू नका.

जुना_गिरणगावकर

आमच्या आज्यांनी आयुष्यभर लावण्या केल्या. त्यांना फिजिओथेरपिस्ट ठाऊक नव्हता आणि गुडघ्याची वाटीही बदलावी लागली नाही. नाचणीची भाकरी, पेज आणि उघड्यावरचे कष्ट यांनी माणसे काटक होत असत. आताचा तांदूळ खतावरचा आणि माणसेही तशीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

परळ_फिजिओ

काका, नाचणीच्या बाजूने मी आहे. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. परंतु आपल्या प्रत्येकाच्या वाडीत काटकोनात वाकलेली, काठीच्या आधाराने जमिनीकडे पाहत चालणारी एक तरी म्हातारी होतीच. तिचे ते वाकणे आपण वयाच्या खाती टाकले. कित्येकींच्या बाबतीत ठिसूळ झालेले मणके हळूहळू चेपलेले असत आणि तो आजारच असे. त्यांना दुखत नव्हते असे नाही; त्यांना कोणी विचारले नव्हते.

निवृत्त_कृषी_सहायक (बोरिवली)

वरील उत्तर उत्तम आहे, मात्र ते शरीरापासून सुरू होते आणि शरीरापाशीच थांबते. मी तीस वर्षे रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत भातशेतीची प्रात्यक्षिके घेत हिंडलो, म्हणून शेताच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

प्रथम कबुली देतो. चारसूत्री भात लागवड आम्ही गावोगावी नेली. तिच्यात रोपांचे अंतर नियंत्रित असते आणि लावणीनंतर दर चार चुडांच्या (रोपांच्या झुबक्यांच्या) मध्ये युरिया-डीएपी खताची एक ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची असते. खत वाया जात नाही, उत्पादन वाढते, हे सर्व खरे आहे आणि मी ते मनापासून सांगत असे. परंतु लावणी उरकलेल्या खाचरात पुन्हा वाकून हजारो ब्रिकेटी खोचणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते, तिची कंबर आमच्या एकाही तक्त्यात नव्हती. आम्ही एकरी क्विंटल मोजले. कामाचे तास मोजले तेही मजुरीच्या खर्चासाठी.

वाकणे मुळातच कमी करणारी पद्धत म्हणजे सगुणा राईस टेक्निक. कर्जत तालुक्यात नेरळजवळ शेखर भडसावळे यांनी ती विकसित केली. तिच्यात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कायमस्वरूपी गादीवाफे एकदा तयार करायचे, लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर भोके पाडायची, त्यांत भाताचे तीन-चार दाणे टोकायचे. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू द्यायची आणि पुढल्या वर्षी नांगर न घालता त्याच वाफ्यांवर पुन्हा टोकायचे. टोकताना वाकावे लागते, नाही असे नाही. पण राब भाजणे (रोपवाटिकेची जमीन भाजणे), रोपे उपटणे, मुठी बांधणे, त्या वाहणे, चिखल करणे आणि लावणे ही कामांची सगळी साखळीच गळून पडते. तिची अडचण तणाची आहे. तणनाशक वापरावे लागते, आणि ते फवारायचे तर १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर येतो, म्हणजे पंपासकट वीस किलोच्या आसपास वजन झाले. तो पंप ५८ वर्षांच्या बाईने घेऊ नये, आणि कोणीही अर्धाच भरून घ्यावा, हे बरे.

ज्यांना पद्धत बदलता येत नाही त्यांनी निदान अवजारे पाहावीत. सायकल कोळप्याचा, म्हणजे ढकलून तण काढायच्या चाकाच्या अवजाराचा, दांडा बोल्टने वर-खाली करता येतो, पण घरातल्या पुरुषाने एकदा आपल्या उंचीला लावला की त्याच मापाने सगळ्या बायका तो वर्षानुवर्षे ढकलत राहतात आणि त्यांचे खांदे भरून येतात. एक पाना आणि पाच मिनिटे, एवढेच काम असते. मूठ धरण्याची जागा जिचे काम तिच्या कोपराच्या जरा खाली यावी. कापणीसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा वापरावा. त्याला दाते आहेत, वजनाला हलका आहे, आणि वारंवार धार लावावी लागत नाही. बोथट विळ्याने मनगटाला बसणारा हिसका वाचतो. रोपांच्या मुठी वाहण्यापूर्वी मुळांचा चिखल वाहत्या पाण्यात खळखळून काढावा, टोपलीचे वजन चांगलेच उतरते. भात लावणी यंत्राचे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याला ट्रेमध्ये वाढवलेली रोपे लागतात आणि माणगावच्या उतारावरच्या पायरीएवढ्या खाचरांत ते वळवायला जागा नसते.

दांड्याची लांबी ही क्षुल्लक बाब वाटत असेल तर एक उदाहरण देतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियामध्ये भाजीपाल्याच्या मळ्यांत मेक्सिकन मजुरांना हात-दीड हात दांड्याचे कुदळे देत असत. काम बारकाईने होते, आणि मजूर उभा राहिला की तो थांबला आहे हे मुकादमाला लांबूनच कळते, अशी त्याची सोय होती. मजुरांच्या पाठी कायमच्या जायबंदी होत असल्याच्या साक्षी डॉक्टरांनी दिल्या, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७५ मध्ये त्या आखूड कुदळ्यावर बंदी आली. पिके त्यानंतरही लांब दांड्याने होतच राहिली. आपले खुरपे तर वीतभराचे आहे.

बालाघाट (घाटकोपर)

निवृत्त काकांच्या कबुलीबद्दल त्यांचे आभार. मी बीड जिल्ह्यातला आहे. माझे आईवडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले आणि त्यांच्या कोयत्यावर शिकून मी इथे नोकरीला लागलो. कोयता म्हणजे आमच्याकडे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात आणि मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती त्या जोडीला. मजुरी टनावर. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते आणि खोडव्याची, म्हणजे त्याच बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या उसाची, फूटही त्यामुळे चांगली येते. म्हणून प्रत्येक घावाला पूर्ण वाकायचे, मग मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचे. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला चढायचे.

इथे तासाला पाच मिनिटे सरळ होण्याचा सल्ला मी आईला देऊन पाहिला होता. ती म्हणाली, “पाच मिनिटं सरळ झाले तर शेजारचा कोयता पुढं जातो.” एक दिवस घरी राहिले तर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच आणि वर दंडही बसतो. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या प्रकरणी २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. पाळीच्या दिवसांचा खाडा परवडत नाही हेही त्यामागच्या कारणांपैकी एक होते. कमी वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर हाडे लवकर ठिसूळ होतात. चाळिशीतच पाठीला पोक आलेल्या मावश्या माझ्या गावात आहेत आणि त्यांच्या पाठदुखीची सुरुवात पाठीत झालेली नाही.

म्हणून माहेरवाशीण ताई, तुमच्या आईच्या बाबतीत माझा एकच प्रश्न आहे: लावणीची मजुरी रोजावर आहे की उक्ती, म्हणजे सगळ्या कामाची एकदम ठरवलेली? रोजावर असेल तर वर सांगितलेले सगळे जमण्यासारखे आहे, कारण टोळीतल्या सगळ्याच बायका एकदम उठल्या तर एकीकडे बोट दाखवता येत नाही. उक्ते काम घेतले असेल तर दोन दिवसांत खाचर उरकण्याच्या नादात कोणीही उठणार नाही. आणखी एक, शासनाच्या मदतीच्या भरवशावर राहू नका. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी जी योजना आहे ती अपघातासाठी आहे, आणि तीही सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी व त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी. साप चावला, वीज पडली, तर त्याला तारीख आणि वेळ असते. वीस वर्षांत झिजलेल्या कमरेला पंचनामा नसतो.

ओपीडीतून

मी मुंबईत फिजिशियन आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अद्याप कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

कष्टाचे दुखणे कामाबरोबर वाढते, रात्रीच्या विश्रांतीने काहीसे उतरते आणि त्याला ताप नसतो. लावणीच्या दिवसांत सणकून ताप, पोटऱ्यांत हात लावू न देणारी वेदना आणि डोळ्यांत लाली, असे एकत्र आले तर ते ‘अंग मोडून आले’ म्हणून सोडू नये. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून त्याचे जंतू खाचराच्या पाण्यात उतरतात आणि चिखल्यांनी फाटलेल्या पायांतून शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैमधल्या पुरानंतर मुंबईने हा आजार पाहिला, तेव्हा कंबरभर पाण्यातून घरी गेलेली माणसे आठवड्या-दोन आठवड्यांनी वॉर्डांत भरती झाली होती. भातशेतीत तोच धोका दर पावसाळ्यात असतो. लेप्टो मूत्रपिंडांवर जातो आणि वेदनाशामक सुयाही मूत्रपिंडांवरच ताण आणतात. म्हणून तापात अंगदुखीसाठी सुई टोचून घेणे हा दुहेरी धोका आहे. पायाला जखमा असताना चिखलात उतरावे लागणार असेल तर प्रतिबंधक औषधाविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच विचारावे.

तापानंतर हातापायांचे लहान सांधे सुजून महिनोन्‌महिने सकाळी आखडत असतील तर चिकनगुनियाचा विचार करावा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे आणि पाठीच्या एकाच जागी ठुसठुसणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय नाही ना, हे तपासावेच लागते. आणि कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. त्यात पावसाचे, एसटीचे आणि लावणी आटोपण्याचे कारण चालत नाही.

त्या तीन रंगांच्या गोळ्यांचे मात्र मला खरोखर भय वाटते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. दोन दिवसांत सगळे दुखणे पळते, भूक वाढते, चेहरा गोल दिसू लागतो आणि आतून हाडे पोकळ होत जातात, साखर वाढते. आई त्या महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम बंदही करू नका. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी गावातल्या डॉक्टरांकडून औषधाचे नाव कागदावर लिहून मागावे. त्यात अपमान मानण्यासारखे काही नाही. साखर, थायरॉइड आणि बी-१२ एकदा तपासून घ्या, कारण हातातल्या मुंग्यांना तीही कारणे असू शकतात. पुनर्वसनाच्या दृष्टीने एकदा हाजी अलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये दाखवावे, असेही सुचवीन. ती केंद्र सरकारची संस्था आहे आणि १९५५ पासून हेच काम करते आहे.

माहेरवाशीण (मुलुंड)

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात तपासण्या चालल्या होत्या. आईचे बी-१२ बरेच कमी निघाले आणि त्याची इंजेक्शने सुरू झाली आहेत. रात्री मनगटाला पट्टी बांधल्यापासून ती सलग झोपते. पुडी दाखवली, तीत स्टिरॉइड होते असे डॉक्टरांचे मत पडले. सुदैवाने ती त्या गोळ्या फक्त लावणी-कापणीपुरत्याच घेत असे.

परळचे दादा म्हणाले तसे मी तिला घरात लावणी करून दाखवायला सांगितले. स्वयंपाकघरातल्या फरशीवर कोथिंबिरीची जुडी डाव्या हातात धरून ती वाकली आणि डावे कोपर आपोआप मांडीवर टेकले. मग मी म्हटले, आता बाकीच्या बायका पुढे गेल्या आहेत असे समज. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, कोपर सुटले, दोन्ही हात भराभर चालू लागले आणि सहा-सात काड्या फरशीवर टाकून होताच ती कमरेवर हात ठेवून उठली. त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

बालाघाट दादांचा प्रश्न मी तिला विचारला. सुरुवातीचे आठ दिवस सावडीचे असतात, म्हणजे आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्यानंतर पाऊस जोर धरतो तशी कामे उक्ती घेतली जातात, आणि तिची कंबर दर वर्षी जाते ती त्याच आठवड्यात. यंदा ती फक्त सावडीचे आणि रोजाचे काम घेणार आहे. उक्ते सोडल्याने तिची जी मजुरी बुडेल ती मी आणि माझा भाऊ भरून देऊ. हे मान्य करून घ्यायलाच सर्वांत जास्त वेळ लागला, कारण मुलांकडून पैसे घेण्यापेक्षा तिला कंबरदुखी परवडते.

निवृत्त काकांना एक विचारायचे आहे. आमच्या बारा गुंठ्यांपैकी घराजवळचे तीन गुंठ्यांचे खाचर गादीवाफ्यांसाठी वापरून पाहावे, असे भावाच्या मनात आहे. मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला आहे. अजून वेळ आहे का?

निवृत्त_कृषी_सहायक (बोरिवली)

तीन गुंठ्यांना वेळ आहे, परंतु वाफे पहिल्या पावसाआधी तयार व्हायला हवेत, म्हणजे भावाने याच शनिवारी-रविवारी गावी जावे. जमीन कोरडी असतानाच नांगरून, ढेकळे फोडून, रेषा आखून माती वर चढवायची असते. चिखल झाल्यावर वाफा उभा राहत नाही. साचा नवा विकत घेऊ नका. तालुका कृषी कार्यालयात किंवा ही पद्धत करणाऱ्या शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याकडे चौकशी केली तर दोन दिवसांसाठी तो मिळून जातो. आणि वाफे घालण्याचे फावडे भावानेच धरावे. आईला फक्त बांधावर बसून रेषा सरळ आहे का एवढे पाहायला सांगा.

माहेरवाशीण (मुलुंड)

भाऊ शनिवारी सकाळच्या दिवा पॅसेंजरने निघतो आहे. आई त्याच्याबरोबर जाणार म्हणून हटून बसली आहे. तिच्या पिशवीत मनगटाची पट्टी, औषधांचा कागद आणि घरातला एक छोटा पाट भरला आहे. पाट तिने दोनदा बाहेर काढून ठेवला होता, तो मी तिसऱ्यांदा आत घातला.